पत्ता पक्का नसताना जर्मनीला निघावं का?

नीलमोहोर
ऑक्टोबरच्या सेमिस्टरला निघणारे बरेच जण "हॉस्टेलात दहा दिवस काढू, तिथे गेल्यावर खोली बघू" असा बेत करतात. माझं मत स्पष्ट आहे: जिथे आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंदणी, होईल असा पत्ता हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला, म्हणजे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसता भाडेकरार नेलात तर परत पाठवतात. हॉस्टेलं आणि सुट्टीपुरती घरं देणारे सहसा हा दाखला देत नाहीत. नोंदणी झाली नाही की टॅक्स आयडीचं पत्र येत नाही आणि रेसिडेन्स परमिटचा अर्ज अडकतो. पुष्कळ बँका खातंही उघडत नाहीत, आणि खात्याशिवाय श्पेरकोंटोतून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या गोठवलेल्या खात्यातून, दरमहा सुटणारे ९९२ युरो जमा व्हायला जागाच नसते. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात हे सगळं डोक्यावर घेऊ नये.

वाटसरू
सहमत नाही. वसतिगृहात खोली मिळालेल्यांना हे सांगणं सोपं आहे. म्युनिकसारख्या शहरात श्टुडिएरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहांची प्रतीक्षा सेमिस्टरांत मोजतात. उरतात त्या डब्ल्यूजी, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेली घरं. तिथे नवा माणूस निवडतात ते आधीपासून राहणारेच, आणि त्यांना प्रत्यक्ष भेटायचं असतं. नागपुरात बसून पन्नास मेसेज पाठवले तरी दोन-चार उत्तरं आली तर नशीब.

उलट, निघण्याआधी पत्ता मिळवायच्या घाईतच पोरं फसतात. घर सुंदर, भाडं आसपासच्यापेक्षा बरंच कमी, मालक "सध्या परदेशात", डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. वर पासपोर्टची स्कॅन कॉपीही मागतात. घर किंवा किमान थेट व्हिडिओवर घर दाखवणारा माणूस पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. म्हणूनच लवकर जावं आणि स्वतः खोल्या बघाव्यात.

नीलमोहोर
फसवणुकीबद्दल पूर्ण मान्य. पण हॉस्टेल आणि कायमची खोली यांच्या मधला मार्ग तुम्ही सोडलात: त्स्विशनमीटे. सुट्टीत किंवा इंटर्नशिपला गेलेला विद्यार्थी आपली खोली दोन-तीन महिने उपभाड्याने देतो. घरमालकाची परवानगी असेल तर तो मूळ भाडेकरूही दाखला देऊ शकतो. पहिल्याच मेसेजात "आनमेल्डुंग म्योग्लिश?", म्हणजे नोंदणी होईल का, असं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पुढची खोली बघा. मी पत्ता म्हणते तो इतकाच, दोन वर्षांचा करार नव्हे.

वाटसरू
त्स्विशनमीटेतही अडचण आहे. उन्हाळी सुट्टीच्या खोल्या बहुतेक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच असतात, कारण तेव्हा लेक्चर सुरू होतात आणि मूळ मुलगा परततो. नेमकी तेव्हाच खोल्यांसाठी सर्वांत जास्त झुंबड असते. घ्यायचीच तर डिसेंबरपर्यंतची घ्या.

कऱ्हाकाठ
एवढा खल कशाला? प्रत्येक युनिव्हर्सिटीत मराठी मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. ओळखीच्या सीनिअरकडे पंधरा दिवस उतरायचं, त्याच्याच पत्त्यावर नोंदणी करायची.

नीलमोहोर
उतरा जरूर, नोंदणी नको. तो स्वतः भाडेकरू आहे. वसतिगृहात पाहुणा किती दिवस ठेवायचा याचे नियम असतात आणि ते मोडले तर त्याचा करार धोक्यात येतो. शिवाय जिथे प्रत्यक्ष राहत नाही तिथला पत्ता नोंदवणं बेकायदेशीर आहे. असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. मदत करणाऱ्या दादाला या फासात अडकवू नका.

सातपुडा
दोन्ही बाजू पैशांचा हिशोब सोडतायत. समजा खोलीचं मूळ भाडं ४०० आणि हीटिंगसह ५०० युरो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येतं, म्हणजे १,२००. पहिल्या महिन्याचं भाडं धरून १,७०० झाले, आणि श्पेरकोंटोतून सुटणार ९९२. कायद्याने डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देता येतं, पण मालक आपणहून हे सांगत नाही. विचारायला लाजू नका. तरी श्पेरकोंटोच्या ११,९०४ युरोंखेरीज किमान २,००० युरो हाताशी हवेतच. फॉरेक्स कार्डावर सगळं ठेवू नका, भाडं बँक ट्रान्सफरनेच मागतात.

बँकेबद्दल नीलमोहोर यांचं म्हणणं थोडं जुनं वाटतं. आता काही ऑनलाइन बँका पासपोर्ट आणि व्हिडिओ पडताळणीवर खातं उघडतात. मात्र कार्ड पोस्टाने येतं, आणि पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. टॅक्स आयडीचं पत्रही असंच हुकतं. खोलीत पाऊल टाकलं की आधी पेटीवर आडनाव चिकटवा.

वाटसरू
नेमका हाच माझा मुद्दा. नोंदणीशिवाय बाकी सगळं अडतं ही साखळी दिसते तितकी घट्ट राहिलेली नाही. दोन आठवड्यांची मुदतही मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटअभावी पाळणं कठीण असतं. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात जाता येतं, त्यामुळे आपल्याच वॉर्डाला धरून बसू नका. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर साइटवर दिसतात. तारीख पुढची मिळाली तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, मुदतीत प्रयत्न केल्याचा तोच पुरावा.

तरी शहर बघून ठरवा. चेम्निट्स किंवा इल्मेनाऊला वसतिगृहात जागा मिळणं त्या मानाने सोपं, तिथे जाणाऱ्याने खोली हातात येईपर्यंत थांबावं. म्युनिकला जाणाऱ्याने सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोहोचावं.

नीलमोहोर
म्युनिकपुरतं मानते, पण सप्टेंबरात निघणाऱ्याने दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेची सुरुवात कधीची आहे? त्याआधी प्रवेश मिळत नाही. दुसरं, तीस वर्षांखालच्यांचा विद्यार्थी आरोग्य विमा साधारणपणे सेमिस्टरपासून, म्हणजे १ ऑक्टोबरपासून लागू होतो. मधल्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि त्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबरच्या पुढची ठेवा, कारण युनिव्हर्सिटीतली नावनोंदणी लांबली तर विम्याची सुरुवातही लांबू शकते.