मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर तोल सांभाळण्यासाठी व्हीआर थेरपी, इंदूरमध्ये कुणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. आईला गेल्या वर्षी स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. आता काठीच्या आधाराने चालते, पण उंबरठ्याशी डावं पाऊल घसटतं, चप्पल तिथेच राहते. वळताना तोल जातो, त्यामुळे बाथरूमला एकटीला सोडवत नाही.

फिजिओथेरपिस्टनी व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर) सुचवली आहे. पडद्यावर बॉल येतो, तो अडवायला वजन डाव्या पायावर घ्यायचं, असं काहीसं. खेळाच्या नादात तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते, हे पटतं. नुसते व्यायाम म्हटलं की आईसाहेबांची कंबर दुखते!

थोडं वाचलं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या 2017 च्या आढाव्यात स्ट्रोकनंतरच्या व्हीआरचे 72 अभ्यास होते. नेहमीच्या फिजिओला जोड म्हणून हाताला फायदा दिसला. चालणं आणि तोल याबद्दल मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. म्हणून फिजिओ बंद करणार नाही.

घरात कुणी ही थेरपी घेतली असेल तर सांगा: डोळ्यांवर हेडसेट होता की समोर पडदा? आईला चक्कर पटकन येते, म्हणून मला हेडसेटची धास्ती आहे. पडू नये म्हणून कमरेला पट्टा बांधतात का? एका सेशनचे किती घेतात? आणि मुख्य म्हणजे, खेळात जमलेलं घरच्या फरशीवर उतरलं का?

पलासियाच्या बाजूला असलं तरी चालेल, रिक्षाने नेईन.