घरच्यांनी गप्प का बसायचं?

विमान अपघातात माणूस गेला की 'तपासाचा अहवाल येईपर्यंत घरच्यांनी शांत राहावं' असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मिरजेकडचा आमच्या नात्यातला पोरगा शिकाऊ विमानाच्या अपघातात गेला. तेराव्याच्या आतच लोक बोलायला लागले, त्याचीच चूक असणार. काकांनी कुणाशी वाद घातला नाही. त्याच्या लॉगबुकाच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, पानापानाचे फोटो काढले आणि विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासा, असं तपास अधिकाऱ्यांना लेखी दिलं. काकूंना एकच विचारायचं होतं, त्याला त्रास झाला का? डॉक्टरांनी शवविच्छेदनाचा अहवाल नीट समजावला, त्या रात्री त्या दोन घास जेवल्या.

कराडच्या धावपट्टीमुळे आपल्याकडेही शिकाऊ विमानं दिसतात, म्हणून सांगतो. एवढ्या लहान विमानात बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतो. इंजिनाचा आवाज मध्येच तुटला का, पंख कुठल्या बाजूला कलला, हे शेतातल्या माणसानं पाहिलेलं आणि मोबाईलवर घेतलेलं फार मोलाचं असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, विमान अपघात अन्वेषण विभागाकडे द्या. त्यांचा तपास कुणाला दोषी ठरवायला नसतोच. मोठ्या विमानांचा प्राथमिक अहवाल आंतरराष्ट्रीय नियमानुसार ३० दिवसांत अपेक्षित असतो; एवढ्या लहान विमानाचा दर वेळी निघेलच असं नाही, पण घरच्यांनी तो जरूर मागावा.