वादळानंतर चिखल उपसायला मधुमेह्यांनी जावं का?

टॅम्पाकर
26 सप्टेंबर 2024 ला हेलीन वादळ फ्लोरिडावर आलं आणि टॅम्पाच्या उपसागराचं पाणी सहा फुटांवर चढलं. पाणी ओसरल्यावर माझे सासरे शेजाऱ्यांकडचे भिजलेले गालिचे ओढायला निघाले. जुना मधुमेह, पायात रबरी चपला, घोट्याजवळ खरचटलेलं. मी त्यांना दारातून परत आणलं. "मग शेजारधर्म काय कामाचा?" असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तरी माझं मत तेच आहे. मदतीला माणसं जमवताना आपल्या मंडळाने आधी विचारावं: मधुमेह आहे का, यकृताचा आजार आहे का, अंगावर उघडी जखम आहे का? असेल तर त्या माणसाने चिखलात उतरू नये.

कारण आहे व्हिब्रिओ व्हल्निफिकस: उघड्या जखमेतून शरीरात शिरणारा आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना जास्त घातक ठरणारा जिवाणू. हा जिवाणू काही गटारातून येत नाही, इथल्या कोमट, मचूळ पाण्यात तो एरवीही असतोच. वादळाच्या पावसाचं गोडं पाणी किनाऱ्याजवळचा खारटपणा त्याला मानवेल इतका उतरवतं, आणि तेच पाणी लाटेबरोबर घरात शिरतं. फ्लोरिडात 2023 साली 46 रुग्ण आणि 11 मृत्यू झाले. इयन वादळ आलं त्या 2022 साली 74 आणि 17, हेलीनच्या 2024 साली 82 आणि 19.

खाडीपल्याड
टॅम्पाकर, आकडे मान्य, निष्कर्ष नाही. सव्वादोन कोटींहून जास्त लोकांच्या राज्यात 82 रुग्ण! वादळानंतर घरात जनरेटर लावून धुराने गुदमरलेले, छतावरून पडलेले यांची भीती आपण एवढी घालतो का? 'मांसभक्षी जिवाणू' असे मथळे वाचून आमच्याकडे धडधाकट तरुणही फिरकले नाहीत. एका आजींचं घर आठवडाभर ओलं राहिलं, भिंतींना बुरशी धरली.

आणि दारात उभं राहून कुणाला यकृताबद्दल विचारायचं? आपल्या लोकांत यकृताचा आजार म्हटलं की दारूच आठवते. खरं कोण सांगेल?

टॅम्पाकर
सव्वादोन कोटींतले सगळे चिखलात उतरत नाहीत, म्हणून त्या संख्येने भागून धोका कळणार नाही. 2005 साली कतरिना वादळानंतर व्हिब्रिओचे 22 रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या 18 जणांना तो जखमेतून झाला होता. पाच जण गेले. व्हल्निफिकस झालेल्या दर पाचांतला साधारण एक दगावतो, कधी कधी आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांत. एवढ्या वेळात आपल्याकडे "ताप आहे, उद्या बघू" चाललेलं असतं.

जुना पार्लेकर
मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आलं की डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन घ्यायला महापालिका सांगते. तसंच इथे करा, प्रश्न मिटला.

रात्रपाळी
पार्लेकर, नाही मिटत. मुंबईतली ती गोळी लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या वेगळ्याच जिवाणूसाठी. व्हिब्रिओ झाल्यावर डॉक्सीसायक्लिन देतात हे खरं, पण शिरेतून दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीने, आणि मेलेलं मांस शस्त्रक्रियेने काढावं लागतं. आधीच गोळी घेऊन निर्धास्तपणे पाण्यात शिरणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

मी परिचारिका आहे. जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. जावंच लागलं तर पाणी न शिरणारी पट्टी, गमबूट, जाड हातमोजे. काम करताना खिळा लागला तर लगेच साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. जखमेभोवतीची लाली पसरतेय, फोड येतायत, जखमेच्या मानाने दुखणं फार आहे, तर सकाळची वाट बघू नका. आणि आकस्मिक विभागात पहिलं वाक्य हेच बोला: "मी वादळाच्या खाऱ्या पाण्यात होतो." हे न सांगितल्याने उपचारांची दिशा चुकू शकते. कृपा करून सांगा.

खाडीपल्याड
हे पटलं. एवढं नेमकं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्या मथळ्यांवर एवढा चिडलो नसतो.

पण प्रश्न विचारायला माझा अजूनही विरोध आहे. आमच्या गटात आता सगळ्यांनाच आधी ही माहिती वाचून दाखवू आणि दोन कामं समोर ठेवू: चिखल उपसणं, किंवा जेवण आणि विम्याचे कागद. कोण काय निवडतो ते ज्याचं त्याने ठरवावं, कारण विचारणार नाही.

टॅम्पाकर
माझे सासरे चिखलच निवडतील. त्यांच्या पिढीला बसून कागद भरणं म्हणजे मदत वाटतच नाही. म्हणून मी विचारणारच, निदान माझ्या घरच्यांना आणि ज्यांचा मधुमेह मला ठाऊक आहे त्यांना. हेलीननंतर दोन आठवड्यांच्या आत, 9 ऑक्टोबरला, मिल्टन आलं. त्या वेळी मी सासऱ्यांना शेजाऱ्यांच्या विम्याच्या फोनवर बसवलं. कुरकुरत चार तास बसले, पण काम झालं.

रात्रपाळी
त्यांच्या पायाची ती खरचट भरली का?

टॅम्पाकर
भरली, पण तीन आठवडे लागले.