जुन्या मॅन्युअल लेन्स: स्वस्तात मस्त की नसता उपद्व्याप?

उनाडभिंग:
मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला आणि दुसऱ्या लेन्सपुरते पैसे उरले नाहीत. एका नातेवाइकांच्या माळ्यावर बंद पडलेला फिल्म कॅमेरा होता, त्याला हेलिऑस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स लावलेली. ५८ मिमी, एफ/२. अ‍ॅडॉप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून अडकवली आणि तेव्हापासून कॅमेऱ्यासोबतची झूम बॅगेत झोपली आहे. (मेन्यूत ‘लेन्सविना शटर’ चालू करावं लागतं. पहिला तासभर मला वाटलं, कॅमेराच मेला.)

माझं मत: नवशिक्याने दुसरी लेन्स नवी घेऊच नये. जुनीच्या नळीवर अंतराचे आकडे आणि डेप्थ ऑफ फील्डच्या खुणा असतात, त्यामुळे काय स्पष्ट येणार याचा अंदाज हातालाच येतो.

सरळरेघ:
स्वस्त म्हणजे काय हो? अ‍ॅडॉप्टर, साफसफाई, परत पाठवण्याचा खर्च, हे कोण मोजणार? माझ्याकडे अशा तीन आहेत. एकीत बुरशी, दुसरीच्या अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर तेल, तिसरीच्या दोन काचा जोडणारा थर सुटलेला. तिन्ही ‘काच स्वच्छ’ म्हणून आल्या होत्या! शिवाय रांगतं मूल काही तुमच्या फोकसची वाट बघत थांबत नाही.

उनाडभिंग:
रांगत्या मुलाचं मान्य. तिथे ऑटोफोकसच.

बाकी रडगाणं न तपासता घेतल्याचं आहे. मागून टॉर्च मारायचा आणि समोरून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधट पडदा दिसला तर आतल्या काचेवर धुकं. दोन्हीला नमस्कार. धुळीचे कण मात्र बिनधास्त सोडा, फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नाही.

आणि तेलाचं म्हणाल, तर फिल्म कॅमेऱ्यावर शटर दाबताच पाती झटकन मिटावी लागत, तिथे तेल नडायचं. अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅपर्चर आपणच आधी हाताने बंद करतो. तुमची दुसरी लेन्स बहुधा धडधाकट आहे, उगाच पडून आहे.

डोंगरदऱ्या:
निकॉनचा डीएसएलआर असणाऱ्यांनी हे वाचून धावू नये. मी धावलो. जवळचे चेहरे छान आले, लांबचा डोंगर काही केल्या स्पष्ट होईना. हेलिऑससारख्या एम ४२ माउंटच्या (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉन एफमध्ये ते मुळातच ४६.५. वर अ‍ॅडॉप्टरची जाडी, म्हणजे लेन्स गरजेपेक्षा लांबच बसते. कॅननच्या ईएफमध्ये ४४ आहे, तिथे जमतं. सोनी ई तर १८, म्हणून मिररलेसवाल्यांची चैन.

सरळरेघ:
आणि हेलिऑसच्या फोटोतली ती गरगरणारी पार्श्वभूमी? दोष आहे तो, तुम्ही त्याला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणता. फोटो माणसाचा काढताय की मागच्या पानांचा?

मंदप्रकाश:
दोष आहेच, नाकारतं कोण? ही रचना मूळ झाइसच्या बायोटारची. कडेच्या प्रकाशाला लेन्सची नळीच अडवते, म्हणून मागच्या उजेडाचे गोल ठिपके मांजरीच्या डोळ्यासारखे चपटे होऊन मधल्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. क्रॉप (आकाराने लहान) सेन्सरवर कडा कापल्या जातात, गरगरही बरीच कमी होते. छिद्र एफ/५.६ पर्यंत लहान केलं तर उरतच नाही. नको तेव्हा बंद करता येतो, असा दोष मला चालतो.

माझी तक्रार वेगळी आहे. सगळे एकाच हेलिऑसमागे लागतात. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ बघा, मॅन्युअल रिंग कशी फिरावी ते कळेल. तिच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे, वयानुसार चहासारखी पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की बरीच निवळते.

सरळरेघ:
किरणोत्सारी लेन्स. आता हेच राहिलं होतं.

असो. तेलकट पात्यांची ती पेटीतून काढली. अ‍ॅपर्चर चालतंय, पण आतलं ग्रीस वाळून फोकस रिंग जागची हलत नाही. आता यावरही टॉर्च मारू का?