पितळेची मूठ 'ऑक्सिडाइज' करायची, काळी पाडायची की 'रापवायची'?

अमळनेरहून: नाटकांसाठी आम्ही शिवकालीन कट्यारी-तलवारींच्या प्रतिकृती घडवतो. नवी पितळी मूठ लाईटखाली पिवळीधम्मक चमकते, कालच दुकानातून आणल्यासारखी. म्हणून वरचं लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) थिनरने काढून ती बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर टांगतो. पितळ हळूहळू तपकिरी होतं. मग उंचवटे घासून उजळायचे, खाचांतलं काळं तसंच ठेवायचं. मुलांसाठी याची माहिती लिहितोय. 'काळवंडवणे' लिहिलं, पण मनाला पटेना. दुसरा शब्द आहे का?

जळगावहून: दादा, सराफीत आम्ही 'ऑक्सिडाइज' म्हणतो. अहिराणी बोलणारं जुनं गिऱ्हाईक 'काया करी दे' म्हणतं. तिकडे ळचा य होतो. पण 'ऑक्सिडाइज' ऐकलं की मला खटकतं. चांदी काळी होते ती गंधकाने, वरचा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, ऑक्साइडचा नाही. पोलादाला कॉस्टिक सोड्याच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात काळं करतात, तिथे मात्र खरोखर लोहाचं ऑक्साइड तयार होतं. म्हणजे जिथे हा शब्द शोभतो तिथे कारखान्यात 'ब्लॅकनिंग' म्हणतात, आणि जिथे शोभत नाही तिथे आम्ही तो सर्रास वापरतो.

धुळ्याहून: भाऊ, 'काळवंडणे' खटकणारच. चेहरा काळवंडतो, आभाळ काळवंडतं. त्यात काहीतरी बिघडल्याची भावना आहे. 'गंजणे' तर नकोच, गंज धातूला खातो. 'कळकणे' जवळचं वाटेल, पण कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं. ती अन्नाची गत, भांड्याची नव्हे. आणि 'पाणी देणे' म्हणजे पात्याला कडकपणा आणणे, रंगाशी त्याचा संबंध नाही.

माझं मत 'रापवणे'ला. आपल्याकडे वैशाखात कपाशीसाठी रान तयार करणाऱ्याचा चेहरा रापतो. रंग बदलतो तो वरच्या कातडीचा, माणूस आतून तोच. तुमच्या मुठीचंही तेच आहे: रंगाचा हात मारलेला नाही, पितळेचीच वरची कातडी बदलली आहे. शिवाय रापलेल्या चेहऱ्यात वापराची, काळाची खूण असते, आणि नाटकाला नेमकी तीच हवी. वाळणे-वाळवणे, पिकणे-पिकवणे, तसं रापणे-रापवणे. व्याकरणाची काही अडचण नाही.

जळगावहून: ताई, पितळेपुरतं मान्य. पण पोलादाचं पातं एकसारखं काळंभोर केलं तर त्याला 'रापवलं' म्हणवत नाही. राप कधी एकसारखा नसतो. जिथे ऊन लागतं तिथे जास्त.

धुळ्याहून: बरोबर आहे. पात्याला 'ब्लॅकनिंग'च राहू द्या. रुळलेला शब्द आहे.

अमळनेरहून: ठरलं. आज पानात लिहिलं ते असं: 'लॅकरचा पापुद्रा कुठे राहिला तर तिथे मूठ रापत नाही, पिवळे डाग दिसतात. अमोनियाचा डबा मोकळ्या हवेत उघडा, तोंड दूर ठेवा. रापवून झाली की मूठ धुऊन कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा.' मोठ्याने वाचून पाहिलं. 'रापत नाही' आणि 'रापवून झाली', दोन्ही जिभेवर सहज आले.