बुलेट ३५० क्रँक: नट आवळले की रनआउट (शाफ्टचं वाकडं फिरणं) परत येतो, मदत हवी आहे

जुनं कास्ट आयर्न इंजिन, ७० × ९० मिमी (बोअर × स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास × पिस्टनची धाव). नवी क्रँकपिन (दोन फ्लायव्हील जोडणारी, कनेक्टिंग रॉड बसते ती पिन) टाकून फ्लायव्हील जोडलीत. पिळाचा फरक (दोन चाकं एकमेकांच्या तुलनेत पिनभोवती सरकल्याने येणारा) तांब्याच्या हातोडीने ०.०२ मिमीवर आणला, तो तिथेच टिकतो.

अडलंय ते पुढे. पिन वर असताना दोन्ही बाजूंचे शाफ्ट डायल गेजवर एकाच वेळी ०.०८ मिमी उंच दाखवतात, म्हणजे पिनच्या समोरच्या बाजूला चाकं फाकलेली. तिथे व्हाइसमध्ये दाबली की ०.०३ येतं, पिनचे नट पूर्ण आवळले की पुन्हा ०.०८.

माझा संशय पिनचा खांदा फ्लायव्हीलवर जिथे टेकतो त्या बैठकीवर आहे. बर (कडेचे धातूचे कंगोरे) काढून झालेत, टेकण तपासायची निळी लावल्यावर एकाच बाजूला लागते. ही बैठक लेथवर शाफ्टच्या सेंटरवरून काटकोनात फेस करावी (पृष्ठभाग सपाट कापावा), की आधी भोकाचाच तिरकेपणा तपासावा? फेस केल्यास चाकं जवळ येऊन कनेक्टिंग रॉडचा साइड प्ले (बाजूची मोकळीक) कमी होईल, तो कसा भरून काढता?