जप सुरू केला की जपच धावायला लागतो. क्रम कुठे चुकतोय?

तिसरा_प्रहर (मांजलपूर, बडोदा)

नमस्कार मंडळी. पाल्हाळ न लावता विचारते. पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते, छाती धडधडते, आणि मग समोर येईल त्या गोष्टीची धास्ती वाटते. ईसीजी, थायरॉईड, साखर सगळं तपासून झालं आहे, त्यात काही नाही. दोन महिन्यांपासून नेम असा: सकाळी त्रयोदशाक्षरीच्या ("श्रीराम जय राम जय जय राम") चार माळा (वीस मिनिटांत होतात), तिन्हीसांजेला दिव्यापाशी रामरक्षा.

अडचण ही की भीती आली की जपाचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की भीती आणखी वाढते. सगळे सांगतात म्हणून दीर्घ श्वास घेतला, तर बोटांना मुंग्या येतात. आता शेजारून सल्ला आलाय की दर गुरुवारी दत्तबावनीचे (दत्ताचं गुजराती स्तोत्र) ५२ पाठ कर. सकाळी ३० मिनिटं आणि संध्याकाळी १५, एवढाच वेळ हातात आहे. त्यात काय, किती आणि कोणत्या क्रमानं करावं? "श्रद्धा ठेवा" एवढंच उत्तर नको, ती आहे.

रेवाकाठ

ताई, तुमच्या प्रश्नातच हिशोब आहे. चार माळा म्हणजे ४३२ जप, वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद. एका जपाला जेमतेम पावणेतीन सेकंद मिळतात. एवढ्या वेळात तेरा अक्षरं उरकायची तर श्वास छातीच्या वरच्या भागात, तुटक तुटकच चालणार. घाबरलेल्या माणसाचा श्वास असाच असतो. तोंडात नाम आणि अंगात भीतीची चाल, असं झालंय.

माळा कमी करा. एकच. पण एका श्वासाला एक मणी.

"श्रीराम" ही तीन अक्षरं मनातल्या मनात, श्वास आत येताना. "जय राम जय जय राम" ही दहा अक्षरं श्वास सोडताना, ओठ जेमतेम हलतील इतक्या आवाजात (उपांशु म्हणतात तो हाच). बाहेर जाणारा श्वास आपोआप लांबतो, वेगळं काही मोजावं लागत नाही. घरात दत्तसंप्रदाय असेल तर "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा" या अठरा अक्षरांचंही तसंच: पहिलं "दिगंबरा" आत, उरलेली चौदा बाहेर. एका आवर्तनाला दहा सेकंद धरले तर १०८ मण्यांना बरोबर १८ मिनिटं लागतात. दहा सेकंद ओढूनताणून होत असतील तर सातापासून सुरुवात करा, साडेबारा मिनिटांत माळ होईल. महिनाभरात वेळ आपोआप वाढतो, घड्याळ लावून वाढवू नका.

माळ अंगठा आणि मधल्या बोटानं ओढायची, तर्जनी लांब. मेरुमणी (माळेच्या टोकाचा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते वेगळंच: माळेचा हात छातीशी अधांतरी धरला जातो, दहा मिनिटांत खांदा भरून येतो, मग खांदा वर चढतो आणि श्वास परत वरच्या वर. कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवा. बसायचं जमिनीवर असेल तर घोंगडी दुमडून बैठकीखाली तीन-चार इंच उंची द्या, गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. खुर्चीही चालते, पाय मात्र जमिनीला टेकलेले हवेत.

मोजणी हरवली तर जो मणी हातात आहे तिथूनच पुढे. पहिल्यापासून सुरू करू नका. शंभरावरचे आठ मणी अशाच चुकीमाकीसाठी, असं परंपरेत धरतात.

नाडीशोध

मुंग्यांबद्दल. "दीर्घ श्वास घे" हा सल्ला अर्धाच आहे आणि तो अर्धाच सगळीकडे फिरतो. भीतीत माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. त्यावर मोठमोठे श्वास ओढले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. त्या पाहून आणखी घाबरायला होतं. यात हृदयाचं काही बिघडलेलं नसतं, चूक फक्त श्वासाच्या मापाची.

सुरुवात सोडण्यापासून करा. आहे तेवढी हवा नाकानं सावकाश जाऊ द्या, मग जेवढी आपण होऊन आत येईल तेवढीच घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. एक हात बेंबीवर. तो हात हलला पाहिजे, खांदे नाही. जपाआधी हे पाच मिनिटं.

भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं) पाच ते सात वेळा. अंगठ्यानं कानाच्या भोकापुढची छोटी कूर्चा हलकेच आत दाबायची, बोटं डोळ्यांवर ठेवलीत तरी बुबुळांवर दाब नको, दात एकमेकांना लागलेले नसावेत. घुमणारा आवाज खालच्या पट्टीत. चढ्या पट्टीत केली तर गळा आवळतो आणि उपयोग उलटा होतो. कान दुखत किंवा वाहत असेल तर ती करूच नका.

कपालभाती, भस्त्रिका तूर्त बाजूला. त्यांनी श्वास जलद होतो, तुम्हाला नेमकं तेच नकोय. कुंभकही नको: श्वास रोखला की गुदमरल्यासारखं वाटतं, आणि धास्तावलेल्या मनाला तेवढं निमित्त पुरतं.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात (१.३१) विक्षेपाच्या, म्हणजे चित्त विचलित होण्याच्या, सोबत्यांची यादी आहे: दुःख, दौर्मनस्य, अंगाला कंप, आणि श्वास-प्रश्वास. म्हणजे हे निरीक्षण जुनंच आहे. आणि अभिनिवेश, म्हणजे जिवाची मूळ भीती, विद्वानांनाही सुटत नाही असं दुसऱ्या पादात स्वच्छ म्हटलंय. तेव्हा नेम असूनही भीती वाटते याची लाज बाळगू नका.

पोथी_आणि_पळी

रामरक्षेविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ३८ श्लोकांचं स्तोत्र आपल्याकडे चार मिनिटांत "म्हणून होतं". सावकाश म्हटलं तर आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या पंधरात आरामात बसतं.

पण पहाटे तीनला सगळं स्तोत्र नको, कवच पुरे. चौथ्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीपासून, "शिरो मे राघवः पातु" इथपासून, नवव्या श्लोकाअखेर. हे साडेपाच श्लोक डोक्यापासून पावलांपर्यंत क्रमानं उतरतात: कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, भुजा, हात, हृदय, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पाय. नाव उच्चारलं की लक्ष त्या अवयवावर न्यायचं आणि तो सैल सोडायचा. "मुखं" म्हणताना जबडा सोडा. "जिह्वां" म्हणताना टाळूला चिकटलेली जीभ खाली येऊ द्या. "स्कन्धौ" आलं की खांदे कानांपासून खाली. एका अवयवाला एक पूर्ण श्वास. पाच मिनिटं लागतील. झोप लागून मध्येच सुटलं तर सुटू द्या, पुरं केलंच पाहिजे असं काही नाही.

लोक सहसा हृदयापाशी अडकतात. धडधड ऐकू येते आणि तिथेच थांबून ती कमी झाली का हे तपासत बसतात. तपासायचं नाही. "हृदयं जामदग्न्यजित्" म्हणून झालं की खाली उतरायचं, मध्य, नाभी, कंबर. लक्ष पावलांकडे चाललं पाहिजे.

५२ पाठांबद्दल: दत्तबावनी नारेश्वरच्या रंगावधूत महाराजांनी १९३५ साली रचली, आणि बावन्न गुरुवार बावन्न पाठांचा उल्लेख तिच्यातच आहे, त्यामुळे सल्ला निराधार नाही. पण एका पाठाला चार मिनिटं धरली तरी एका बैठकीला जवळजवळ साडेतीन तास होतात. कामाच्या दिवशी ते जमणार नाही, चौथ्या गुरुवारी मोडेल, आणि नेम मोडल्याची एक नवी भीती मागे लागेल. गुरुवारी एक पाठ, सावकाश. गुजराती शब्द अडले तर आधी अर्थ विचारून घ्या. बडोद्यात त्याला तोटा नाही.

तिसरा_प्रहर

सगळ्यांचे आभार. हिशोब वाचून स्वतःचंच हसू आलं. दोन शंका. पहाटे अंथरुणातच पडून राहायचं की उठायचं? आणि दिवसा, म्हणजे लिफ्टमध्ये किंवा फोन वाजल्यावर धसका बसतो तेव्हा, माळ जवळ नसते.

रेवाकाठ

मोबाइल आणि घड्याळ हाताला लागणार नाही अशा जागी. वेळ पाहिली की "आता तीनच तास उरले" हे गणित सुरू होतं. कवच दोनदा म्हणूनही झोप आली नाही, अंदाजे वीस मिनिटं झाली, तर उठा. मंद दिवा, खुर्ची, पाय फरशीवर, आणि नुसता लांब सोडलेला श्वास. डुलकी आली की परत अंथरूण. पडल्या पडल्या माळ ओढू नका, त्यानं माळ हातात आली की पेंग येण्याची सवय लागते आणि सकाळचा जप बिघडतो.

चहा दुपारी चारनंतर बंद. चहाकॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. रात्री दहाची सेवउसळही थोडे दिवस विसरा, पोटातली जळजळ पहाटे छातीत जाणवते आणि मन तिला भलतंच नाव देतं.

दिवसा बोटांची पेरं. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बारा. नऊ फेऱ्या म्हणजे १०८. (शास्त्रातली करमाळा वेगळ्या क्रमाची असते, ही आपली सोयीची.) पण धसका बसल्यावर १०८ नको, एक फेरी, बारा श्वास, दोन मिनिटं. गरब्याच्या नऊ रात्री झोपेचं वेळापत्रक कोलमडतं तेव्हाही सकाळी हीच एक फेरी करून नेम चालू ठेवता येतो.

सूरसागर_पाळ

लिफ्टच्या बाबतीत थोडा वेगळा मुद्दा. "जप चालू असेल तरच लिफ्टमध्ये चढेन" असं झालं तर जप कुबडी होतो. भीतीला वाटतं, जप होता म्हणून वाचलो. ती जिथल्या तिथे राहते. म्हणून लिफ्टच्या आधी सहा श्वास, आत गेल्यावर डोळे उघडे, लक्ष पावलांखालच्या जमिनीवर, बाहेर आल्यावर एकदा नाम. पहिला आठवडा एकच मजला, रोज, त्याच वेळी. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, म्हणून टाळणं दिवसेंदिवस पक्कं होत जातं.

आणि ध्यानाबद्दल एक. आपल्या गावात अरविंदबाबूंची (योगी श्रीअरविंद घोष) गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १९०८ च्या जानेवारीत इथेच बडोद्यात विष्णू भास्कर लेले या योग्यांबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले आणि मन निःशब्द झालं. विचार आपल्यात उगवत नाहीत, बाहेरून येतात, आत शिरायच्या आधी त्यांना परतवायचं, अशी ती रीत. दांडिया बाजारातलं अरविंद निवास पाहून आलेला माणूस घरी येऊन डोळे मिटून "विचार थांबवायला" बसतो. पण त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांचा प्राणायाम चालू होता, हे कोणी सांगत नाही. घाबरलेल्या मनाला रिकामी खोली दिली की ते तिथे भीतीच आणून बसवतं. त्याला आधी धरायला काहीतरी हवं: मणी, अक्षर, पाऊल. तुमच्या ३० मिनिटांत पाच श्वासाला, अठरा माळेला, उरलेल्या सातातली शेवटची चार नुसतं बसायला ठेवा. त्याहून जास्त शांत बसणं सध्या नको.

पोथी_आणि_पळी

सूरसागरभाऊ, "कुबडी" हा शब्द मला पटत नाही. संकटात नाम घेऊच नये असं कुठला संत म्हणाला? पाय मोडलेल्याला कुबडी लागतेच.

सूरसागर_पाळ

घेऊ नये असं म्हटलंच नाही. अटीवर घेऊ नये, एवढंच. पाय जुळल्यावर कुबडी सोडायची की नाही, हा माझा मुद्दा.

नाडीशोध

तुमचं चालू द्या, मी कोरडं लिहितो. आकडा चुकला म्हणून परत परत माळ करावीशी वाटणं, माळ तुटली म्हणजे काहीतरी वाईट होणार असं वाटून दिवसभर काम न सुचणं, ही भक्ती वाढल्याची खूण नाही. तुटलेली माळ ओवून घ्यायची. दोन मण्यांमध्ये गाठ असेल तर दोरा कमी झिजतो. पण ते वाटणं थांबतच नसेल, किंवा दोन-तीन आठवडे झोप, जेवण, काम बिघडलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. गोळ्या चालू असतील तर जप लागू पडला म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

भीतीचा झटका बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि ओसरायला लागतो. छातीवर दाब येऊन तो हातात, जबड्यात जात असेल, दरदरून घाम असेल, तर जुने रिपोर्ट ठीक होते म्हणून श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. गुजरातेत रुग्णवाहिकेचा नंबरही तोच, माळेएवढा.

तिसरा_प्रहर

उद्यापासून एक माळ. सात सेकंदांनी सुरू करते.

रेवाकाठ

हो. आणि पहिल्या आठवड्यात माळ संपता संपता जांभया येतील, डोळ्यांतून पाणी येईल. चुकलं समजून वेग वाढवू नका.